टेबल सतरावरचे निरोप

६ सप्टेंबर १९५५, टिल्बरी, लंडनचं बंदर

सुटलो एकदाचे! अकराशे माणसं, त्यांच्या ट्रंका आणि एक पोपट. पोपट एका गृहस्थांच्या कोटाच्या आतून मोठ्याने शिंकला, म्हणून पकडला गेला. धक्क्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या काकूंच्या हवाली केला. गृहस्थ बायकोला सोडतानाही इतके हळवे झाले नसते.

माझी ही सहावी सफर. सरकारी खर्चाने ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला निघालेल्या लोकांचं वाटेत कल्याण करायचं, हे माझं काम. कल्याण म्हणजे नेमकं काय हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. पण पाच सफरींत माझ्या जहाजावरून एकही माणूस परत आलेला नाही. सगळे उतरवले! लंडनच्या ऑफिसात यावरून माझं नाव आहे.

नेहमीप्रमाणे पुरुष पुढच्या बाजूला, एका केबिनमध्ये सहा. बायका मागच्या बाजूला. नवरा-बायकोंनी पाच आठवडे असंच राहायचं. नेहमीप्रमाणे कुणी तक्रार केली नाही, फक्त सगळ्यांचे कान लाल झाले.

८ सप्टेंबर

बिस्केचा उपसागर. सगळे आडवे. मीही. कल्याण बंद.

१० सप्टेंबर

लोक उठून बसले आणि लगेच समिती काढली. आमची माणसं निर्जन बेटावर लागली तरी आधी अध्यक्ष निवडतील, मग पाणी शोधतील. अध्यक्ष मिस्टर ग्रिमशॉ — लीड्सला बसमध्ये तिकीट तपासनीस होते. अजूनही समोरच्याच्या हाताकडे बघत बोलतात. पहिला ठराव : चहा पातळ आहे. एकमताने मंजूर.

जेवणघरात माझं टेबल सतरावं. सोबत बॅगशॉ नवरा-बायको, स्टॉकपोर्टचे. सिरिल चव्वेचाळीसचा, खिडक्यांना काचा बसवतो. एनिड एक्केचाळीसची, बहिणीबरोबर तळलेल्या माशांचं दुकान चालवायची. मुलं नाहीत. सूप आलं तेव्हा एनिड माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, त्या माणसाला सांगा, मीठ सरकव म्हणावं."

"कोणत्या माणसाला?"

"हा काय, समोर बसलाय तो. माझा नवरा."

हातभर अंतर! मी सिरिलला म्हटलं, मीठ. त्याने मीठ सरकवलं आणि तोही माझ्याकडेच बघून म्हणाला, "तिला सांगा, झाकण सैल आहे." मी सांगेपर्यंत सगळं मीठ सूपमध्ये. एनिड ते सूप शेवटच्या चमच्यापर्यंत प्यायली. अशी बाई मी पाहिली नव्हती.

११ सप्टेंबर

डेकवर एनिडला गाठलं. प्रकरण असं : सिरिलने तिला न विचारता ऑस्ट्रेलियाचा अर्ज भरला. तिला कळलं ते मंजुरीचं पत्र आलं तेव्हा. त्या दिवसापासून बोलणं बंद. साडेतीन महिने!

"मग आलात कशाला?"

"भाड्याचं घर सोडून दिलं त्याने. रस्त्यात उभी राहू? पण मी सिडनीला उतरणार नाही, बाई. ह्याच जहाजाने परत जाणार, आयव्हीकडे. आयव्ही म्हणजे माझी बहीण. एकोणीस वर्षं एका कढईवर काढलीत आम्ही. त्याला सांगून टाका."

परत! माझ्या जहाजावरून!

सिरिलला शोधलं. तो रेलिंगला टेकून ऊन खात होता. गोरा, बुटका, शांत. हाताच्या बोटांवर काचेच्या जुन्या चिरा. "बावीस वर्षं पावसात काचा लावल्या, बाई," म्हणाला. "काच बसवायचं पुटीन चिकटत नाही, बोटं बधिर होतात. एकदा तरी कोरड्या हाताने खिडकी लावावी एवढंच डोक्यात होतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. चुकलंच."

"मग तिला सांगा ना, चुकलं म्हणून."

तो घाबरला. "तोंडावर?"

मी त्याला सांगितलं, एनिडला बहिणीची फार आठवण येते. "उतरणार नाही" हे गाळलं. एवढंसंच.

१४ सप्टेंबर

गाळणं वाढत चाललंय. आज नाश्त्याला एनिड म्हणाली, "सांगा त्याला, ती टाय घालून तो अंत्यविधीला निघाल्यासारखा दिसतो." मी म्हटलं, "मिसेस बॅगशॉंना वाटतं, निळी टाय तुम्हाला जास्त शोभेल." दुपारी सिरिल निळी टाय घालून आला. एनिडने घासभर थांबून बघितलं. मग बटाटा त्याच्याकडे सरकवला. माझ्यामार्फत.

१८ सप्टेंबर, तांबडा समुद्र

एकशे आठ डिग्री फॅरनहाइट. पुरुष अजून लोकरी कोटात. कुणीतरी आधी काढला तर बाकीचे काढतील, पण आधी कोण? अखेर समितीपुढे ठराव आला : कोट काढण्यास परवानगी असावी. मांडला एका सुताराने. अनुमोदन द्यायला एक पोस्टमन उभा राहिला आणि जागच्या जागी बेशुद्ध पडला. ग्रिमशॉ म्हणाले, अनुमोदन पूर्ण झालेलं नाही, तेव्हा तो शुद्धीवर येईपर्यंत ठराव प्रलंबित. वीस मिनिटं सगळे कोटात घामाघूम बसून पोस्टमनच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने डोळे उघडले, म्हणाला "अनुमोदन," आणि पुन्हा गेला.

टाळ्या. कोट निघाले.

सिरिलने कोट काढला तर आत सदऱ्याला कोपराशी भोक. एनिड मला म्हणाली, "सांगा त्याला, संध्याकाळी सदरा पाठवून दे. लाज आणतो." मी सिरिलला सांगितलं, "त्यांना तुमची काळजी वाटते." सिरिलने संध्याकाळी सदरा घडी करून माझ्या हातात दिला. सदरा घेऊन मीच गेले, शिवलेला मीच परत आणला. टाके इतके बारीक की भोक कुठे होतं ते सापडेना.

१९ सप्टेंबर

माझं व्याख्यान : "आपला नवा देश". हॉल गच्च. घरं, हवा, शाळा, कोळी. विषारी कोळ्यांवर जास्त वेळ गेला, कारण तेवढंच नक्की माहीत आहे. एका म्हातारीने विचारलं, तिकडे सूर्य उलट्या बाजूने उगवतो का? मी म्हटलं, नाही, पण उत्तरेकडून फिरतो. हॉलमध्ये चिंतेची लाट. मग कुणीतरी विचारलं, "बाई, तुम्ही तिकडे किती वर्षं होतात?"

"सगळे मिळून नऊ दिवस," मी म्हटलं. खोटं कशाला बोला. पाच सफरी, प्रत्येक वेळी सिडनीचा धक्का, एक चहाचं दुकान आणि एक बुटांचं. त्यानंतर प्रश्न आले नाहीत.

२२ सप्टेंबर

प्रकरण समितीत गेलं! विषयपत्रिका : चहा, डेकवरच्या खुर्च्या, पोहण्याच्या हौदात कुणी अंघोळ केली, बॅगशॉ. दीड तास चर्चा. सभेने खेद व्यक्त करावा की तीव्र खेद, यावर मतदान — अकरा विरुद्ध नऊ, साधा खेद. मग हा खेद एनिडला कळवायला तिघांचं शिष्टमंडळ. मी लांबून बघत होते. तिघे तिच्या खुर्चीभोवती वीस मिनिटं उभे. हवेबद्दल बोलले, उडणाऱ्या माशांबद्दल बोलले, टोप्या उचलून परत आले. इतिवृत्तात नोंद : "चर्चा समाधानकारक."

"काय म्हणत होते?" मी एनिडला विचारलं.

"कोण जाणे. बिचारे. त्यांना काहीतरी होत असावं."

२४ सप्टेंबर

जहाजाचे हिशेब आणि तिकिटं बघणाऱ्या पर्सर लेथमने बोलावलं. हा माझ्यावर आधीपासूनच दात धरून आहे. परतीच्या प्रवाशांची यादी करतोय. "तुमची ती मासेवाली परत येणार असं ऐकतो. नाव टाकू?"

"माझ्या जहाजावरून कुणी परत जात नाही."

"जहाज तुमचं नाही, मिस क्रॉसली."

तोंडाळ माणूस! सबंध दिवस वाया गेला.

२५ सप्टेंबर

आज मी गाळलं नाही, घातलं. पहिल्यांदाच. लिहून ठेवते, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी खरं असेल.

दुपारी एनिडने विचारलं, "काही म्हणाला का तो?" हे विचारणंच नवं! सिरिल काही म्हणाला नव्हता. तो दोरीच्या कड्या फेकायच्या खेळात हरून झोपला होता. मी म्हटलं, "म्हणाले, लग्नाआधी तुम्ही दुकानाच्या काउंटरमागे उभ्या असायच्या तेव्हा तुमच्यासाठी ते दिवसातून दोनदा मासे खायचे. त्यांना मासे आवडत नसताना."

एनिडचा चेहरा! पदरचं सांगत होते, पण कुठेतरी बरोबर लागलं. "दोनदा नाही," ती म्हणाली, "तीनदा. सोमवारी सुद्धा. सोमवारी मासा शिळा असतो."

केबिनमध्ये येऊन दार लावून घेतलं. मला एकावन्न वर्षांत कुणी असा निरोप पाठवलेला नाही. सिरिलच्या तोंडी मी घालते ते सगळं मला कुणी म्हणावं असं वाटलेलं आहे. हे कळलं आणि वाईट वाटलं. मग जेवायला गेले.

२८ सप्टेंबर, विषुववृत्त

वरुणराजाचा सोहळा. स्वयंपाक्याला दाढी लावून, त्रिशूळ देऊन राजा केलेला. पहिल्यांदा रेषा ओलांडणाऱ्यांची लाकडी वस्तऱ्याने दाढी करून हौदात ढकलायचं. पण लोक स्वतःच रांगेत उभे! सकाळी आठपासून! कुणी मध्ये घुसलं म्हणून भांडण. वरुणराजाला ढकलायला काही मजा येईना. "अहो, तुम्ही पळायचं असतं," तो ओरडत होता. "मग आमचा नंबर जाईल," रांग म्हणाली.

सिरिलचा नंबर त्रेसष्टावा. त्याला नाकापासून गुडघ्यापर्यंत साबण फासला आणि फेकला. वर आला तो डोळे मिटलेला, निळी टाय गळ्यात! टाय काढायला विसरला होता. आणि एनिड हसली. पोट धरून, रेलिंगला टेकून, मोठ्याने. सिरिलने डोळे उघडले आणि हौदात उभ्या उभ्या तिच्याकडे बघत राहिला, मागचे चौघे त्याच्या अंगावर पडेपर्यंत.

"सांगा त्याला," एनिड डोळे पुसत मला म्हणाली, "कानात साबण राहिलाय."

हा निरोप मी जसाच्या तसा दिला.

५ ऑक्टोबर, फ्रीमँटल

नवा देश दिसला. सपाट. लोक अर्धा तास रेलिंगला टेकून बघत होते. मग एकजण म्हणाला, "बाकीचा मागे असेल." दोनशे इथे उतरले. ग्रिमशॉ सिडनीला उतरणार, म्हणून समिती शाबूत.

एनिड डेकवर बघायलाही आली नाही. "मला उतरायचं नाही, मग बघू कशाला?"

९ ऑक्टोबर

आज मोठं घातलं. नुसतं गोड बोलून भागेना, पाच दिवस उरलेत. एनिडला म्हटलं, "सिरिल म्हणाले — तू उतरली नाहीस तर मीही नाही उतरणार. तुझ्याबरोबर परत येईन. ऊन गेलं उडत."

तो असं काही म्हणालेला नाही. मला वाटलं, एनिड विरघळेल आणि स्वतःहून उतरेल. ती मोजा शिवत होती, तो सुईसकट मांडीवर ठेवला. 

"परत येतो म्हणाला? त्या पावसात?"

"हो."

"मूर्ख आहे," ती म्हणाली. पण कसं म्हणाली!

१० ऑक्टोबर

आता सिरिलने विचारलं. "बाई, खरं सांगा, ती उतरणार नाही असं जहाजावर सगळे म्हणतात. तिला आयव्हीची अजून एवढी आठवण येते?"

"रोज," मी म्हटलं. इथे थांबायला हवं होतं. पण हात लागला की मला थांबता येत नाही. "रडते ती." एनिडला रडताना मी एकदाही पाहिलेलं नाही. मला वाटलं, त्याच्या मनात तिच्याबद्दल माया राहावी, उतरल्यावर सांभाळून घ्यावं.

सिरिलने मान हलवली.

१३ ऑक्टोबर

उद्या सिडनी. आणि जिंकले!

सकाळी एनिड स्वतः माझ्या केबिनवर आली. "उतरते मी. लावू दे त्याला कोरड्या हाताने खिडक्या. एवढं परत यायला निघाला माझ्यासाठी, मग मी काय दगड आहे? आयव्हीला पत्र लिहिलंय, टाका पेटीत. पण बाई, त्याला हे तुम्ही सांगायचं नाही. तुम्ही खूप केलंत. हे मी स्वतः सांगणार. खाली धक्क्यावर, तोंडावर. बघूच त्याचं तोंड कसं होतं."

मी शपथ घेतली. रडू आलं, बरं वाटलं, आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं — मला काम उरलं नाही.

दुपारी सिरिल पर्सरच्या खोलीतून बाहेर येताना दिसला. शीळ घालत. "काय काम होतं?" म्हटलं. "ट्रंकेचं, बाई." मग रेलिंगपाशी थांबला, उन्हाकडे तोंड करून. "पाच आठवडे रोज ऊन मिळालं. माणसाला लागतं तरी किती?"

"तिला काही निरोप?"

"नाही, बाई. आता मीच बोलेन. तोंडावर. तुम्ही एवढं शिकवलंत, आता नाही बोललो तर काय अर्थ?"

दोघेही! माझ्या सहा सफरींतली सगळ्यात सुंदर दुपार. लेथमला जाऊन सांगितलं, बॅगशॉबाई उतरणार, नाव खोडा. तो म्हणाला, "बाईंचं नाव मी टाकलंच नव्हतं," आणि काहीतरी अजून सांगायला लागला. मी ऐकून घेतलं नाही. त्या माणसाला उत्तर द्यायची संधी द्यायची नाही असं मी ठरवलेलं आहे.

१४ ऑक्टोबर, सिडनी

गोंधळ. जहाज दोन दिवस उशिरा, त्यामुळे मुक्काम नाही. सकाळी उतरवायचं आणि संध्याकाळी निघायचं. दोन शिड्या : पुढची पुरुषांना, मागची बायका-मुलांना. खाली डॉक्टर वेगळे, बसही वेगळ्या. संध्याकाळी वसतिगृहावर सगळे एकत्र. ग्रिमशॉंनी शिडीच्या तोंडाशी उभं राहून समिती रीतसर विसर्जित केली. शेवटचा ठराव : चहा शेवटपर्यंत पातळ होता.

एनिड चांगली टोपी घालून आली. गालांना काहीतरी लावलेलं. शिडीवर पाय ठेवताना थांबली आणि माझा दंड धरला. "तो उतरला का, बाई? दिसत नाही."

मी पुढच्या शिडीकडे पाहिलं. चारशे टोप्या. त्यातली एक त्याचीच असणार. "उतरले केव्हाच," मी म्हटलं. आणि ती खूश व्हावी म्हणून, "तुमची वाट बघतोय म्हणाले."

तिने मला मिठी मारली! आमच्याकडे असं करत नाहीत. मग भराभर खाली गेली, मागे वळून न बघता. बायकांच्या बसमध्ये खिडकीशी बसलेली दिसली. प्रत्येक पुरुषाकडे मान वळवून बघत होती. मी हात हलवला. बस निघून गेली.

सहा सफरी, एकही परत नाही. संध्याकाळी सहाला सुटलो.

१५ ऑक्टोबर, समुद्रात

नाश्त्याला खाली गेले. जेवणघर रिकामं. फक्त टेबल सतराला सिरिल बसलेला, दाढी केलेली, केस पाण्याने चापून बसवलेले. मला बघून उठून उभा राहिला. "काल दिवसभर पर्सरने खालीच दडून राहायला सांगितलं होतं, बाई, नाहीतर किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांनी उतरवलं असतं. एनिड अजून झोपलीय का? जरा उठवता तिला? फक्त उठवा. बाकीचं मी सांगतो."